गोळा : एका दुर्मिळ रोगाला नाव मिळाल्याचा इतिहास

गेली तीन वर्षे आम्ही आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी कागदपत्रे जुळवीत आहोत. धारवाड-हुबळीच्या जुन्या मराठी घरांना हे काम नवे नाही. कोणाचे पूर्वज पेशवाईत या मुलखात आले, कोणाचे इंग्रजी अमदानीत शाळाखात्यात अगर कचेरीत नोकरीस लागून धारवाडकर झाले, तर कोणाला रेल्वेच्या कारखान्याने हुबळीत स्थिर केले. मूळ गाव दूर राहिले म्हणूनच की काय, वंशवृक्ष जपण्याची हौस आपणा मंडळींत जरा अधिकच. आमच्या हाती असलेल्या जुन्या आवृत्तीत आजोबांच्या नावाखाली पाच अपत्ये दिली आहेत. चौघांच्या पुढे जन्मतिथी, शिक्षण, विवाह, नोकरी असा सारा तपशील आहे. पाचव्या नावापुढे मात्र तीनच शब्द छापले आहेत : ‘अविवाहित. अल्पवयात निधन.’ ही आमची धाकटी आत्या.

याच कामात आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जमिनीच्या दस्तऐवजांखाली, चौघडी घातलेला एक कागद आम्हांस मिळाला. १९६९ सालचा, इंग्रजीत टंकलिखित केलेला. डाव्या बीजांडकोशाची, म्हणजे डॉक्टर ज्याला ओव्हरी म्हणतात त्या अवयवाची, घातक गाठ. ती बीजपेशींपासून उद्भवलेली असावी, एवढाच त्यातील मजकुराचा सारांश. घरात मात्र अर्धशतकाहून अधिक काळ या मृत्यूचे एकच कारण सांगितले गेले : ‘पोटात गोळा झाला होता.’ सरकारी नोकरीत असताना जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांशी आमचा पुष्कळ संबंध आला. ‘ताप’, ‘पोटदुखी’, ‘म्हातारपण’ अशी कारणे आम्ही हजारो वेळा वाचली आणि वाचून पान उलटले. आपल्याच घरातील एक नोंद तशीच निघाली, तेव्हा मात्र पान उलटवेना. त्या कागदावरील रोगाचा इतिहास आम्ही मिळेल तेथून वाचला, जाणत्या डॉक्टर स्नेह्यांना विचारून समजावून घेतला. तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. माळमड्डीतील वाड्यात आम्ही राहत असू. आत्या सोळा वर्षांची, मॅट्रिकच्या वर्गात. चातुर्मास सुरू झाला त्या सुमारास तिचे पोट दिसू लागले. आजीने परकराच्या नाड्या सैल केल्या, शाळा बंद केली आणि माजघराचे दार लावून तिला काय काय विचारले. आत्या रडली एवढे आम्हांस आठवते. पुढे कितीतरी दिवस आजी तिच्याशी धड बोलत नव्हती. त्या न बोलण्याचा अर्थ आम्हांस फार उशिरा कळला. शेजारच्या बायका विहिरीवर काय कुजबुजत असत, हेही तेव्हा कळले. ‘कुणाला काही सांगायचं नाही बरं का,’ अशी तंबी आम्हां मुलांना होती आणि आम्ही ती पाळली. एका वैद्यांचे काढे तीन महिने चालले. दिवाळीनंतर पोटात एकाएकी असह्य कळा सुरू झाल्या, तेव्हा आजोबांनी तिला मीटरगेजच्या गाडीने लोंढा, बेळगाव या मार्गाने मिरजेस नेले. तेथे शस्त्रक्रिया होऊन मोठ्या नारळाएवढी गाठ निघाली. आत्या घरी परतली, संक्रांतीला तिने हलवाही केला. पण पाडव्याच्या आत ती गेली.

‘गोळा’ हा शब्द तसा अडाणीपणाचा नव्हे. त्याच्यामागे मोठी परंपरा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ‘गुल्म’ या विकारावर स्वतंत्र अध्याय असून त्यातील रक्तगुल्म हा केवळ स्त्रियांस होणारा प्रकार सांगितला आहे. त्यावर दहावा महिना उलटल्यावरच उपचार करावेत असा तेथे दंडक आहे. कारण उघड आहे. पोट वाढते ते गर्भामुळे की गाठीमुळे, हे ओळखण्याचे दुसरे साधन त्या काळी नव्हते; गर्भाला अपाय होऊ नये म्हणून थांबणे हाच शहाणपणा होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकाने ही शंका किती प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली आहे! परंतु जी सावधगिरी त्या काळी शहाणपणाची होती, तीच पुढे सवय होऊन बसली. सोनोग्राफी व रक्ततपासणी आल्यावरही अनेक घरे ‘थोडे दिवस पाहू’ म्हणून थांबत राहिली.

या गाठींवर शस्त्राने इलाज होऊ शकतो, हे जगाला प्रथम दिसले १८०९ साली. त्या वर्षी धारवाडवर पेशव्यांचा अंमल होता आणि मन्रोच्या फौजा येथे येण्यास अजून आठ वर्षांचा अवकाश होता. अमेरिकेतील केंटकी प्रांतात डॅनव्हिल नावाच्या आडगावी इफ्रेम मॅकडॉवेल हा डॉक्टर होता. जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या बाईंना जुळी मुले होणार, असे तेथील लोक समजत होते. मॅकडॉवेलने तपासून सांगितले की हा गर्भ नव्हे, बीजांडकोशाची गाठ आहे. बाई सुमारे साठ मैल घोड्यावर बसून त्याच्या घरी आल्या. नाताळच्या दिवशी, भूल देण्याचे औषध जगात माहीत नसताना, पंचवीस मिनिटांत त्याने सुमारे साडेबावीस पौंडांची गाठ काढली. बाई महिन्याच्या आत घरी परतल्या आणि पुढे तीसहून अधिक वर्षे जगल्या. १८४६ साली ईथरची भूल आणि १८६७ साली लिस्टरची जंतुनाशक पद्धत प्रसिद्ध झाल्यावर पोट उघडणे ही नित्याची गोष्ट होऊ लागली. आपल्या भागात ही विद्या मुख्यत्वे मिरजेमुळे पोहोचली. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उभारले. मद्रास, मुंबई दूर असलेल्या काळात धारवाड, बेळगाव, विजापूरकडील माणसे ‘मिरजेला नेले’ असे म्हणत, त्यात शेवटचा आधार आणि शेवटची भीती दोन्ही असत.

तथापि शस्त्राने गाठ निघते, रोग निघतोच असे नाही. काही स्त्रिया गाठ काढल्यावर वर्षानुवर्षे सुखाने जगत. काही चार-सहा महिन्यांत जात. वरून पाहता दोन्ही गाठी सारख्याच. हा भेद कशाने पडतो, हे कळण्यासाठी शल्यचिकित्सकाच्या खोलीतून सूक्ष्मदर्शकाच्या टेबलापाशी जावे लागले. आमच्या मते या रोगाच्या इतिहासातील खरा नाट्यमय भाग तेथे आहे.

बीजांडकोशाचे बहुतेक कर्करोग हे त्याच्या पृष्ठभागाशी व बीजवाहिनीच्या टोकाशी निगडित असून ते प्रायः पन्नाशीच्या पुढे होतात. त्याहून अगदी निराळा व विरळा असा एक गट आहे. तो बीजपेशींपासून, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे अपत्य जन्मावयाचे त्या मूळ पेशींपासून, उद्भवतो. पाश्चात्य देशांत बीजांडकोशाच्या एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण शेकडा पाचांहून कमी मानतात. तो मुख्यतः दहा ते तीस या वयात होतो. म्हणजे म्हातारपणाचा म्हणून ज्या रोगाची आपण कल्पना करतो, त्याचे हे रूप शाळकरी मुलींना गाठते.

१९३१ साली बर्लिनचे विकृतिविज्ञानतज्ज्ञ रॉबर्ट मेयर यांनी यांपैकी एका प्रकाराला डिसजर्मिनोमा हे नाव दिले. पुरुषांच्या वृषणात होणारी एक गाठ आणि ही गाठ सूक्ष्मदर्शकाखाली जणू जुळ्या बहिणी, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९३९ साली मूळ व्हिएन्नाचे वॉल्टर शिलर यांनी दुसऱ्या एका, फार घातक गाठीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्यात त्यांना बारीक रक्तवाहिनीभोवती पेशींची झालर असलेली विशिष्ट रचना दिसली. गर्भावस्थेतील मूत्रपिंडाच्या अवशेषांपासून ही गाठ होत असावी, असा त्यांनी तर्क केला. तर्क चुकला, पण निरीक्षण अचूक होते. हे दोघेही ज्यू. नाझींच्या काळात दोघांनाही युरोप सोडून अमेरिकेस जावे लागले. शिलर यांची चूक दुरुस्त केली ती कोपनहेगनचे गुन्नार टाइलम यांनी. उंदरांच्या वारेचे सूक्ष्म छेद पाहताना त्यांना तीच झालरीची रचना आढळली. ही गाठ मूत्रपिंडाच्या अवशेषांची नसून गर्भाच्या पीतक कोशाची नक्कल करते, असे त्यांनी १९५९ साली साधार मांडले. पक्ष्याच्या अंड्यात पिवळ्या बलकाभोवती जी पिशवी असते, तिचा मानवी गर्भातील अवशेष म्हणजे पीतक कोश. डॉक्टर या गाठीला योक सॅक ट्यूमर म्हणतात. डेन्मार्कमधील एक माणूस उंदराची वार पाहत बसला आणि त्यामुळे जगभरातील मुलींच्या एका आजाराला त्याचे खरे नाव मिळाले, ही गोष्ट आम्हांस विलक्षण वाटते.

नाव खरे मिळाले की त्यामागून बरेच काही येते. १९६३ साली मॉस्कोचे गारी अबेलेव्ह यांनी यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात एक गर्भकालीन प्रथिन शोधले. आल्फा फीटोप्रोटीन हे त्याचे नाव. गर्भात ते पीतक कोश व यकृत तयार करतात. गाठ जर पीतक कोशाची नक्कल करीत असेल, तर तिनेही हे प्रथिन रक्तात सोडले पाहिजे. आणि तसेच निघाले. आज रक्ताच्या एका नळीवरून या गाठीचा सुगावा लागतो, उपचार लागू पडतो की नाही हे आकड्यांत दिसते आणि रोग परतला तर अनेकदा पोट वाढण्याच्या कितीतरी आधी कळते.

याच गटातील आणखी एका गाठीविषयी सांगितले पाहिजे, कारण तिच्यावरून आपल्या मुलखात पुष्कळ घरे उद्ध्वस्त झाली असतील. बीजपेशीत देहाचा कोणताही भाग घडविण्याची शक्ती सुप्त असते. त्यामुळे काही गाठींत केस, दात, हाडाचे तुकडे निघतात. यांतील बहुतांश गाठी निरुपद्रवी असतात; थोड्या मात्र घातक असतात. पोटातून केसांचा पुंजका व दात निघाल्याचे ऐकले की ‘करणी’ अगर ‘भानामती’ म्हणून कोणा दुबळ्या बाईवर आळ घेण्यास लोक मोकळे होत. ज्या पेशीत माणूस घडविण्याचे सामर्थ्य, तिचीच वाट चुकली; यात करणी कोणाची?

सूक्ष्मदर्शकाची ही विद्या आपल्या देशात रुजविणाऱ्यांत एका मराठी नावाचा मान फार मोठा आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मुंबईत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. त्यांचे स्वतःचे संशोधन मुख्यतः तोंडाच्या कर्करोगावर व कुष्ठरोगावर. परंतु रोग्याच्या देहातून काढलेला प्रत्येक तुकडा तपासला गेला पाहिजे, त्याची काचपट्टी व नोंद जपली पाहिजे, ही शिस्त त्यांच्यासारख्यांनी घालून दिली. १९६३ साली मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदवही सुरू झाली. १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने बीजांडकोशाच्या गाठींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, तेव्हापासून मुंबईतील डॉक्टर व ओस्लोमधील डॉक्टर एकाच गाठीला एकच नाव देऊ लागले. नोंदवह्यांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाला याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

पण नाव कळले म्हणून रोगी वाचत नव्हता, हेही तितकेच खरे. १९७६ साली अमेरिकेतील कुर्मन व नॉरिस या दोघा तज्ज्ञांनी योक सॅक गाठीच्या ७१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षे जगण्याचे प्रमाण शेकडा तेरा निघाले. हा आकडा वाचला त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आत्याची गाठ याच प्रकारची होती, असे तो कागद निश्चितपणे सांगत नाही. पण होती असे धरले, तर १९६९ साली तिला अमेरिकेत नेले असते तरी ती वाचणे कठीणच होते. आजोबांनी उशीर केला, वैद्यांनी वेळ घालविला, आजीने संशय घेतला, असे मनात ठेवून आम्ही कित्येक वर्षे मोठ्यांवर रागावलो होतो. मृत्यूचा दोष त्यांच्यावर पूर्णपणे टाकता येत नाही, हे आता कळते. मात्र शेवटच्या सहा महिन्यांत एका निरपराध मुलीशी घर बोलत नव्हते, त्याचा दोष रोगाकडे जात नाही.

औषधाचा इतिहास मात्र याच सुमारास वळण घेत होता, आणि त्याचा एक धागा आमच्या परसातच होता. तुळशीवृंदावनाच्या कडेने सदाफुलीचे ताटवे असत. आत्या रोज सकाळी देवपूजेसाठी त्याची फुले काढी. १९५८ साली कॅनडात नोबल व बीअर या शास्त्रज्ञांनी याच झाडापासून व्हिनब्लास्टिन हे द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. मागोमाग व्हिनक्रिस्टिन निघाले व १९६३ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. १९७० च्या दशकात व्हिनक्रिस्टिनसह तीन औषधे एकत्र देऊन बीजपेशींच्या गाठी असलेल्या अनेक मुली प्रथमच वाचू लागल्या. (येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. सदाफुलीची पाने चावून कर्करोग बरा होत नाही. झाड विषारी आहे आणि औषध म्हणजे त्यातील अत्यल्प द्रव्य, मोजून शिरेतून दिलेले.)

दुसरा धागा योगायोगाचा. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन येथे बार्नेट रोझेनबर्ग हे जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू विभागण्याचे थांबून लांबच लांब दोऱ्यांसारखे वाढले. वीज कारण नव्हती. विजेच्या अग्रांतील प्लॅटिनम पाण्यात उतरून जे संयुग झाले होते ते कारण होते. पेशींचे विभाजन थांबविणारे द्रव्य म्हणजे कर्करोगाचे संभाव्य औषध. त्यातून सिसप्लॅटिन आले व १९७८ साली त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याआधीच, १९७४ पासून, इंडियानाचे लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन, व्हिनब्लास्टिन व ब्लिओमायसिन एकत्र देऊन वृषणाचा पसरलेला कर्करोग बरा करून दाखविला होता. मेयर यांनी १९३१ साली सांगितले होते की पुरुषाची ती गाठ व स्त्रीची ही गाठ बहिणी-बहिणी आहेत. आता त्या नावाचे मोल कळले : जे औषध एकीला लागू, ते दुसरीलाही लागू पडले. पुढे व्हिनब्लास्टिनच्या जागी एटोपोसाइड आले. ब्लिओमायसिन, एटोपोसाइड व सिसप्लॅटिन ही त्रयी आज जगभर वापरतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, गाठ पूर्ण काढून मग ही औषधे दिलेल्या ९३ रुग्णांपैकी अगदी मोजक्याच जणींना हा रोग पुन्हा झाला. शेकडा तेरा जगत होत्या तेथे आता, रोग वेळेवर हाती आला तर, शेकडा नव्वदांहून अधिक जगतात. वीस वर्षांत एवढी मजल वैद्यकात फार थोड्या रोगांनी पाहिली असेल.

मुलगी जगली, परंतु पुढे काय, हा आपल्या घरांतून विचारला जाणारा पुढचा प्रश्न. पूर्वी अशा शस्त्रक्रियेत दोन्ही बीजांडकोश व गर्भाशय काढून टाकीत. डिसजर्मिनोमावर किरणोपचार उत्तम लागू पडे, परंतु त्याने उरलेला बीजांडकोश निकामी होई. औषधे प्रभावी ठरल्यावर हा रिवाज बदलला. रोग बहुधा एकाच बाजूस असतो. तेवढी बाजू काढून दुसरा बीजांडकोश व गर्भाशय राखता येते. गर्भाशय काढण्यापेक्षा राखण्याचा विचार आपणांस परका नाही. १९५५ साली गर्भपात टाळणाऱ्या टाक्याने जगप्रसिद्ध झालेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे मूळचे गोव्याचे, पण त्यांचे शालेय शिक्षण आपल्या हुबळीत झाले. त्यांचे कार्य या रोगावर नव्हते. तरी स्त्रीचे मातृत्व वाचविणे हेही शल्यचिकित्सकाचे काम होय, ही दृष्टी ज्यांनी दृढ केली त्यांत त्यांची गणना झाली पाहिजे.

आता दुसरी गोष्ट सांगतो. २०११ साली आमच्या धाकट्या मेव्हण्याची पंधरा वर्षांची कन्या शाळेतून पोट दुखते म्हणून घरी आली. तिच्या आईने हात लावून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. बीजांडकोशाची गाठ निघाली. गर्भधारणेच्या चाचणीत जे संप्रेरक मोजतात, ते तिच्या रक्तात थोडे वाढलेले होते. वाचकांनी क्षणभर थांबून याचा अर्थ ध्यानात घ्यावा. बीजपेशींच्या काही गाठी स्वतःच हे संप्रेरक तयार करतात. अविवाहित मुलीचे पोट वाढलेले आणि चाचणी ‘होय’ म्हणते, तरी ती निष्पाप व आजारी असू शकते. ही बातमी ऐकताच आम्हांस माळमड्डीचे ते बंद दार आठवले. मुलीची आई मात्र तिच्या उशाशी बसून होती. तिने एकच विचारले, ‘डॉक्टर, आता पुढं काय करायचं?’

एक बीजांडकोश काढला, गर्भाशय राखले. गाठीचे ठोकळे दुसऱ्या मतासाठी मुंबईस पाठविले. अहवालात योक सॅकचा भाग असलेली मिश्र गाठ असे नाव आले. तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने औषधांचे चार फेरे झाले. केस गेले, ओकाऱ्यांनी पोर हैराण झाली, कानांत काही महिने गुणगुण राहिली. ब्लिओमायसिन फुप्फुसांना आणि सिसप्लॅटिन मूत्रपिंडांना व श्रवणशक्तीला त्रास देऊ शकते, म्हणून दर फेऱ्याआधी तपासण्या होत. वर्षभराने ती दहावीला बसली. आज ती नोकरी करते. विवाह झाला आहे आणि एका मुलीची आई आहे. विवाहापूर्वी तिने भावी पतीस सर्व कागद स्वतः वाचावयास दिले. नातेवाइकांपैकी काहींना ते रुचले नाही. आम्हांस त्या मुलीचा अभिमान वाटतो.

ती मुलगी आमच्या पत्नीच्या माहेरची असल्याने आत्याशी तिचे रक्ताचे नाते नाही. आणि बीजपेशींच्या बहुतेक गाठी आनुवंशिक नसतातही. वडीलधाऱ्या स्त्रियांत होणाऱ्या नेहमीच्या प्रकारांत मात्र काही घराण्यांतून दोष उतरतो. आई, मावशी, आत्या यांना बीजांडकोशाचा अगर स्तनाचा कर्करोग झाला होता काय, हे डॉक्टर प्रथम विचारतात. या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी किती घरांत मिळेल? तीन शतकांची नावे आपण सांगू शकतो, पण पणजी कशाने गेली हे सांगू शकत नाही.

उपचारांसाठी आज मिरज-मुंबईच गाठली पाहिजे असेही नाही. हुबळीत १९५७ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, नवनगरमध्ये डॉ. आर. बी. पाटील यांनी स्थापिलेली कर्करोग उपचार व संशोधन संस्था आहे, बंगळुरात १९७३ पासून किदवाई संस्था आहे. ही तीन औषधे जुनी, म्हणून इतर नव्या औषधांच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहेत. घरच्यांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी थोड्याच. मुलीचे पोट वाढले, फुगले अगर वारंवार दुखले तर सोनोग्राफीस विलंब करू नये. गाठ निघाल्यास शस्त्रक्रियेपूर्वी आल्फा फीटोप्रोटीन इत्यादी रक्तचाचण्या झाल्या का, हे विचारावे. शक्य तो कर्करोगाच्या तज्ज्ञाकडूनच गाठ न फोडता अखंड काढवावी व दुसरी बाजू राखता येईल का, ते आधीच बोलून घ्यावे. काढलेल्या गाठीचा अहवाल व ठोकळे जपून ठेवावेत.

या रोगाला शस्त्र मिळाले १८०९ साली, नाव मिळाले १९५९ साली आणि औषध मिळाले त्यानंतर वीस वर्षांनी. यांतील मधला टप्पा नसता तर तिसरा लाभलाच नसता. ज्याला नाव नाही त्याला उपचार नाही, हे जसे प्रयोगशाळेत खरे, तसेच माजघरातही खरे. डॉक्टरांनी आपले काम केले. आपल्या वाट्याचे काम, म्हणजे झाले ते उघड सांगणे व लिहून ठेवणे, आपण अजून पुरते केलेले नाही.

आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचा मजकूर छापखान्यात गेला आहे. आत्याच्या नावापुढील तीन शब्द आम्ही बदलले. तेथे आता असे आहे : ‘मॅट्रिकपर्यंत शिक्षण. बीजांडकोशाच्या बीजपेशींच्या कर्करोगाने १९७० साली, वयाच्या सतराव्या वर्षी निधन.’ घरातील दोघा वडीलधाऱ्यांनी, हे छापण्याची काय गरज, असे विचारले. आम्ही त्यांस ट्रंकेतील तो कागद दाखविला. त्यांनी तो वाचला, पुन्हा चौघडी घातली आणि काही न बोलता आमच्या हाती परत दिला.